माझ्या पोटातल्या दोन कुप्या

मी फ्रीझर बोलतोय. तुमच्या घरात बर्फाचा ट्रे आणि उरलेले वाटाणे सांभाळत बसतो, तो नव्हे. मी विषाणूंच्या प्रयोगशाळेतला, उणे ऐंशी अंशांचा. म्हणजे होतो. आता माझ्यातलं यंत्र काढून नेलंय आणि पोटात जुन्या फायली नि छपाईचे कागद कोंबलेत. माझं डोकं अजून तापलेलंच असतं, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यातून मी इथे आलो तेव्हा चार हमालांनी मला दोन जिने चढवून आणलं. वर आल्यावर लक्षात आलं, की प्रयोगशाळेचं दार माझ्यापेक्षा दोन बोटं अरुंद आहे. एवढे शिकलेले लोक, पण दार मोजायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मग मला बाहेर व्हरांड्यात ठेवलं, ‘तात्पुरता’ म्हणून. त्याला आता अठरा वर्षं झाली. समोर एक लाकडी बाक आहे. रक्त द्यायला, रिपोर्ट न्यायला आलेली माणसं त्याच्यावर बसतात आणि भिंतीला कान नसले तरी मला आहेत हे त्यांच्या गावीही नसतं.

माझ्या पोटात कडाक्याची थंडी असली तरी मागून गरम वारा यायचा. त्यामुळे माझ्या पाठीशी लोक ओल्या छत्र्या ठेवायचे, रुमाल वाळवायचे. एकाने तर मोजे वाळवले. डोक्यावर चहाचे पेले ठेवून माझ्या अंगावर गोल डाग पाडले. दार उघडावं, हवी ती पेटी अर्ध्या मिनिटात काढावी आणि दार लावावं, असा नियम माझ्याच दारावर चिकटवलेला होता. तो नियम वाचत वाचत लोक दार सताड उघडं टाकून कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न मोडलं, ते बोलत राहायचे. पोटातली थंडी पळाली की मी भोंगा वाजवायचो. माझ्याकडे तेवढंच एक तोंड होतं.

माझ्या किल्ल्या सांभाळणारा एक तंत्रज्ञ होता. कमरेला सतत जुडगा, म्हणून त्याला सगळे किल्लीदार म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. पण भोंग्याने त्याचं डोकं उठायचं. एक दिवस त्याने भोंग्याच्या जाळीत कापसाचा बोळा दाबला आणि वरून चिकटपट्टी लावली. वर मला थोपटून म्हणाला, "आता ओरड काय ओरडायचं ते." सगळे हसले. त्या दिवसापासून मी मुका झालो आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी तापाची साथ आली. आधी कणकण, मग खोकला, मग छाती भरायची. विषाणू नवा होता, कुणाच्या ओळखीचा नव्हता. शेजारच्या इस्पितळातले नमुने आमच्याकडे येऊ लागले. नाकातला, घशातला कापसाचा बोळा एका बोटभर कुपीत बुडवायचा, कुपीवर क्रमांक घालायचा आणि माझ्या पोटात ठेवायची. तो क्रमांक कसा घालायचे ते नीट ऐका, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातंय. टेबलावर जी कुपी आधी येईल तिला आधीचा क्रमांक. माणूस आजारी कधी पडलं, याच्याशी त्या क्रमांकाचा काडीचाही संबंध नव्हता. आमच्याकडे सगळ्यांना हे माहीत होतं, इतकं की ते कुठे लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

नमुने घ्यायला सुरुवात झाली त्या सकाळी दोन नंबरच्या वॉर्डात आठ-आठ दिवस तापाने फणफणलेली माणसं पडून होती. पण त्यांच्या संमतीचे कागद यायचे होते. तेवढ्यात धुलाई विभागातली मावशी आमचे पांढरे कोट न्यायला वर आली. वॉर्डातल्या चादरी धुणारी बाई ती, सगळे तिला मावशीच म्हणायचे. तिला दोन दिवसांपासून कणकण होती. किल्लीदार म्हणाला, मावशी, बसा जरा, तुमचाही नमुना घेऊन टाकतो, आमचा हातही बसेल. ती बिचारी बसली. तिच्या कुपीवर पडला क्रमांक एक. वॉर्डातल्या रोग्यांना क्रमांक दोन ते नऊ मिळाले, तेही दुपारी.

संध्याकाळी आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, वार्ताहरांसमोर यादी घेऊन उभे राहिले. त्यांनी यादी वाचली. क्रमांक एक, महिला, धुलाई विभाग. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, की गावात साथ आणणारी पहिली रुग्ण म्हणजे इस्पितळातली धोबीण. मोठ्या सरांनी तो पेपर याच बाकावर बसून वाचला. मी पाहिलंय. वाचून त्यांनी घडी घातली आणि आत निघून गेले. एक फोन करायला किती वेळ लागतो हो? पण चूक आपण कबूल करायची म्हणजे यांना कमीपणा वाटतो.

मावशी चार दिवसांत उठून बसली. पण साथ सुरू व्हायच्या सुमारास ती दोन दिवस थोरल्या बहिणीकडे राहून आली होती. बहिणीचे यजमान छापखान्यात कामाला. तेही तापले. त्यांचा नमुना बाराव्या दिवशी आमच्याकडे आला, क्रमांक त्रेचाळीस. आठवड्याभरात ते गेले.

त्यांच्या मृत्यूचा रिपोर्ट न्यायला थोरली इथे आली, आणि नेमकी त्याच वेळी मावशी कोटांची गाडी ढकलत आली. मावशीने "ताई" म्हणून हाक मारली. थोरली बाकावरून उठली. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, "तू माझं घर खाल्लंस. आता मला ताई म्हणू नकोस." बाकावरची सगळी माणसं जागच्या जागी सरकून मावशीपासून लांब झाली.

पुढे त्यांची आई वारली. शेवटचं दर्शन घ्यायला मावशी गेली, तर थोरलीने तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. हे मावशीने स्वतः किल्लीदाराला सांगितलं, माझ्यासमोर. सांगताना ती कोटांच्या गुंड्या मोजत होती, कारण तुटलेल्या गुंडीचा कोट वेगळा काढावा लागतो. वॉर्डातल्या चादरी तिच्याकडून काढून घेतल्या होत्या आणि फक्त कोट ठेवले होते. लोकांनी तिला नाव पाडलं, ‘पहिली’. पहिली आली, पहिली गेली. ती ऐकून घ्यायची. घेणार नाही तर करणार काय?

दर मंगळवारी ती कोट न्यायला यायची. किल्लीदाराने एकदा बोलता बोलता तिला सांगितलं होतं, की तुमची कुपी आणि तुमच्या भाऊजींची कुपी एकाच पेटीत आहे. तेव्हापासून ती माझ्या दारावर हात ठेवायची आणि विचारायची, "आहेत ना आत दोघं?" किल्लीदार हो म्हणायचा. असं नऊ वर्षं चाललं. हसू नका. माझ्या पोटातल्या हजारो कुप्यांपैकी कुणीतरी चौकशी करावी अशा त्या दोनच होत्या. बाकीच्यांचं मला एवढं काही वाटलं नाही, पण या दोन मी जिवापाड जपल्या.

मग आमच्याकडे विषाणूंचा जनुकीय मजकूर वाचायचं यंत्र आलं, आणि ते चालवायला दोन वर्षांच्या करारावर एक मुलगी आली. मोठा चष्मा, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणतो. तिने पहिल्याच आठवड्यात माझ्या दारातला बर्फ खरवडून काढला. इतक्या वर्षांत कुणी ते केलं नव्हतं.

विषाणूची जनुकं म्हणजे काही हजार अक्षरांचा एक मजकूर. विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जाताना त्या मजकुराच्या नकला होतात आणि नक्कल करताना मधूनमधून एखादं अक्षर चुकतं. एकदा झालेली चूक सहसा मागे जात नाही, पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. वर्गात कुणी कुणाची वही उतरवली हे मास्तर जसे सारख्या चुकांवरून पकडतात, तसं चष्मेवाली चुका जुळवून कोणता विषाणू कोणापासून निघाला ते पकडायची. साऱ्या कुप्यांचे मजकूर एकाखाली एक मांडून तिने झाड काढलं. खोड, फांद्या आणि प्रत्येक टोकाला एक ठिपका. मुळाशी एका रानटी जनावरातला विषाणू, ज्याचा मजकूर दुसऱ्या देशातल्या लोकांनी आधीच वाचून ठेवला होता.

एका मंगळवारी तिने मावशीला बाकावर बसवलं. मावशीला कळावं म्हणून तिने धुण्याच्या भाषेत सांगितलं. चादरीवर पक्का डाग पडला की तो जात नाही, फार तर नवा डाग वाढतो. दोन नंबरच्या वॉर्डातल्या रोग्यांच्या विषाणूवर चार डाग आहेत. तुमच्यावर तेच चार, आणि वर तुमचा स्वतःचा एक. म्हणजे आजार तुमच्याकडून वॉर्डात गेला नाही, वॉर्डातून तुमच्याकडे आला. चादरींतूनच आला असणार. भाऊजींच्या विषाणूवर यातला एकही डाग नाही. त्यांचे तीन डाग वेगळेच आहेत, आणि तेच तीन छापखान्यातल्या आणखी दोघांवर आहेत. तुमच्याकडून गेला असता तर तुमचे पाचही डाग त्यांच्यावर दिसले असते.

मावशी म्हणाली, "म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही. दोन फांद्या आहेत या, आणि त्या एकमेकींपासून फुटल्या ते साथ कळायच्या दोन महिने आधी. डाग साधारण किती दिवसांनी एक पडतो त्यावरून तो हिशेब निघतो. पहिलं कोण ते आपल्या पेट्यांत नाहीच."

मावशीने हातातल्या कोटाची घडी घातली. मग म्हणाली, "मला हे एका कागदावर द्या. सहीशिक्क्यानिशी. बाकीच्या जगाला काय वाटायचं ते वाटू दे, मला फक्त ताईला दाखवायचंय. ती शिकलेली आहे, सही बघून विश्वास ठेवेल." दुसरं काही मागितलं नाही बाईने. एक सही मागितली.

सही मोठ्या सरांची लागणार होती. ते म्हणाले, कुणा एकाचे निकाल असे वाटायचे नसतात, नियम आहे. चष्मेवाली दारातच उभी राहिली. मावशीची संमती मी आणते, थोरलीचीही आणते, पण तुम्ही सही करा, असं म्हणत राहिली. शेवटी ते म्हणाले, एकदाच वाचलेल्या मजकुरावर मी पत्र देणार नाही. त्या दोन कुप्या काढा, पुन्हा वाचा, दोन्ही वेळा तेच आलं तर सही करतो. चष्मेवाली खूश झाली. जोडून तीन दिवस सुट्टी होती, ती संपली की मंगळवारी सकाळी पुन्हा वाचायचं ठरलं.

आता माझी गोष्ट. शनिवारी दुपारी माझ्यातलं यंत्र अडखळलं आणि थांबलं. इतक्या वर्षांत थांबलं नव्हतं ते. उणे ऐंशीचा उणे साठ झालो, उणे चाळीस झालो. मी भोंगा वाजवला. कापसात घुमला आणि विरला. खालच्या मजल्यावर पहारेकरी बसलेला होता, त्याला तो ऐकू गेला असता. त्याच्याकडे विजेच्या माणसाचा नंबरही होता. मी रविवारभर ओरडलो. सोमवारी माझ्या दाराखालून पाणी वाहायला लागलं, तरी मी ओरडतच होतो. त्या तोंडात बोळा कोंबणाऱ्याला मी आजही माफ केलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही नाही. जपायचं एवढंच माझं काम होतं.

मंगळवारी चष्मेवालीने दार उघडलं आणि ती पेटी बाहेर काढली. दोन्ही कुप्यांतला विषाणूचा मजकूर कुजून तुकडे तुकडे झाला होता. तिने तरीही यंत्रात घालून पाहिलं. काही वाचता आलं नाही. किल्लीदाराने तेवढ्यात गुपचूप चिकटपट्टी काढली आणि बोळा खिशात टाकला. चौकशीत सगळं खापर माझ्यावर फुटलं. ‘फ्रीझर जुना असल्यामुळे बिघाड’ असं लिहून मोकळे झाले.

मोठ्या सरांनी सहीला नकार दिला. दुसऱ्यांदा वाचता आलं नाही, मग मी काय करू, म्हणून हात झटकले. चष्मेवालीने त्यांना तेव्हा काही उलट विचारलं नाही. पण चार महिन्यांनी परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात त्यांचा लेख आला, साथीच्या विषाणूचं मूळ आणि त्याची वाटचाल यावर. त्यात तेच झाड होतं. तेच ठिपके, एकदाच वाचलेले. ती लेख घेऊन थेट त्यांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं म्हणून मला ऐकू आलं.

"सर, लेखाला एकदा वाचलेलं चालतं, आणि त्या बाईच्या पत्राला दोनदा लागतं?"

ते म्हणाले, लेखात नावं नसतात. शास्त्रात ठिपके महत्त्वाचे, माणसं नाहीत. आणि तुमचा करार या महिन्यात संपतोय ना?

त्या लेखासाठी मोठ्या सरांचा सत्कार झाला. हार घालून ते माझ्यासमोरून गेले. ठिपका म्हणे. तो ठिपका खाली तळघरात तुमचाच कोट इस्त्री करत होता, सर.

चष्मेवालीने जाण्याच्या दिवशी ते झाडाचं पान छापलं, दोन ठिपक्यांभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि मावशीला दिलं. सही नव्हती, शिक्का नव्हता, नाव नव्हतं. नुसता १ आणि ४३. रडतच गेली पोरगी. मावशीने ते पान प्रयोगशाळेच्या छापील पाकिटात घालून टपालाने बहिणीला पाठवलं. सोबत चिठ्ठी लिहिली नाही. किल्लीदाराला म्हणाली, काय लिहू, ती माझं अक्षर बघूनच फाडून टाकेल. पाकिटावरचा पत्तासुद्धा तिने त्याच्याकडूनच लिहून घेतला.

तेव्हापासून दर मंगळवारी मावशीचा प्रश्न बदलला. माझ्या पोटात कुप्या उरल्या नव्हत्या, म्हणून आता ती विचारते, "कोणी आलं होतं का?"

आणि परवा, मंगळवारीच, दुपारी तीनच्या सुमाराला थोरली आली. केस पांढरे झालेत, पण मी लगेच ओळखलं. हातात घडी पडून पडून मऊ झालेलं ते पान. तिने ते कितीदा उघडून पाहिलं होतं देव जाणे. ती बाकावर बसली आणि किल्लीदाराला म्हणाली, पाकिटावर इथलं नाव छापलेलं होतं आणि माझ्या यजमानांच्या रिपोर्टवर हाच त्रेचाळीस होता, म्हणून आले. हे काय आहे ते मला नीट सांगा.

किल्लीदार गडबडला. नावं फोडायची नाहीत हा नियम त्याला ठाऊक होता. पण इतकी वर्षं त्याच्याही मनाला काहीतरी टोचत असणार. त्याने पान हातात घेतलं, चष्मेवालीकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. हा ठिपका तुमची धाकटी, हा तुमचे यजमान. ही फांदी वॉर्डाची, ती छापखान्याची. क्रमांक एक हा त्या दिवशी तिला मीच दिला, ती समोर आली म्हणून. तिचा नमुना आधी घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

थोरलीने विचारलं, "मग माझ्या घरात आजार कुणी आणला?"

किल्लीदार खाली बघत म्हणाला, "त्यांनीच आणला, बाई. कामावरून."

तिने त्याच्या हातातून पान परत घेतलं. मग त्याच्याकडे न बघता बोलली, "आईच्या वेळी मी तिला उंबऱ्यावरून हाकललं. पाऊल आत टाकू दिलं नाही. ती बाहेर फाटकाशी उभी होती सगळं होईपर्यंत, मी खिडकीतून बघत होते."

किल्लीदार म्हणाला, ती खालीच आहे, तळघरात. तीन जिने उतरायचे. मी येतो सोबत. आणि नाहीतर थांबा, तिची यायची वेळ झालीच आहे.

तेवढ्यात खालून कोटांच्या गाडीचं चाक कुरकुरलं. थोरली उठली. मला वाटलं, आता थांबते. माझ्यात यंत्र असतं तर त्या क्षणी बंद पडलं असतं. तिने पानाची घडी केली, पदराखाली धरली आणि म्हणाली, "कुठल्या तोंडाने भेटू तिला? मी आले होते हे सांगू नका." आणि मागच्या जिन्याने उतरून गेली. पायऱ्यांवर तिची पावलं भरभर वाजत होती.

गाडी वर आली. मावशीने हुकावरचे कोट काढले, खिसे चाचपले, गुंड्या मोजल्या. मग विचारलं, "कोणी आलं होतं का?"

किल्लीदार म्हणाला, "नाही, मावशी."

"बरं," ती म्हणाली, "पुढच्या मंगळवारी बघू."

असा हा किल्लीदार. आधी माझ्या तोंडात बोळा घातला, मग स्वतःच्या. मोठे सर परदेशी भाषण द्यायला गेलेत. चष्मेवाली कुठे आहे माहीत नाही. मला पुढच्या महिन्यात भंगारवाला न्यायला येणार आहे, तसा कागद माझ्याच दारावर चिकटवलाय. मला त्याचं काही नाही. पण मी गेलो की त्या दुपारी इथे काय झालं ते जाणणारा एकच माणूस उरेल, आणि तो बोलणार नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडतो. मला हात नाहीत, तरी जोडतो. तुमच्यापैकी कुणी रक्त द्यायला, रिपोर्ट न्यायला या बाकावर येऊन बसलं, आणि मंगळवार असला, तर तीन-साडेतीनपर्यंत थांबा. कोटांची गाडी घेऊन एक बाई येईल. तिला झाड, फांद्या, डाग काही समजावू नका, ते तिला पाठ आहे. फक्त एवढं सांगा, की ताई आली होती.